सेवेतील अचौर्य

केनियात 2003 साली सरकारी शाळांतील प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले. तरीही दुष्काळी भागातील कित्येक मुलींचा वेळ पाणी आणण्यातच जातो. परदेशांतून आलेले स्वयंसेवक तेथे उत्साहाने शाळेच्या भिंती रंगवतात. परंतु त्याच कामाच्या मजुरीवर गावातील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरची चूल पेटली असती. अदत्तादान टाळणे म्हणजे अचौर्य. सेवा करतानाही हे व्रत सुटू नये. शाळेत पावसाच्या पाण्याची टाकी गावच्याच गवंड्याने बांधावी, मका-राजम्याची ‘गिथेरी’ तेथील मातांनी शिजवावी. पाहुण्याने खर्च उचलून नम्रपणे बाजूला व्हावे. मग मुलगी हंड्याऐवजी पाटी घेऊन शाळेत येईल आणि आहारदानाच्या पाठोपाठ ज्ञानदानही घडेल.