अंगांतला चुना

रोग पोटांत असला तर तो घरच्यांपुरता राहतो. कातडीवर आला कीं साऱ्या गांवचा होतो. आम्हांस सोरायसिस जडून सोळा वर्षें झालीं. कोपरांवर व गुडघ्यांवर तांबूस चट्टे, आणि त्यांवर अभ्रकासारखा रुपेरी कोंडा. हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं. तरीहि पंगतींत शेजारचें पान किंचित् दूर सरकतें, हें आमच्या नजरेंतून सुटत नाहीं. परंतु दूर सरकणाऱ्यांपेक्षां जवळ येऊन उपाय सांगणाऱ्यांस तोंड देणें अधिक कठीण!

आमची मावशी ह्या दुसऱ्या वर्गांतली. ती म्हणाली, “अरे, भिंतीचे पोपडे कां सुटतात? चुना कमी पडला म्हणून. तुझ्याहि अंगांतला चुना कमी झाला आहे. रोज गव्हाच्या दाण्याएवढा घेत जा.”

उपमा इतकी चपखल कीं ती खोडून काढणें जिवावर यावें. शिवाय ती अगदींच निराधार नाहीं. निरोगी त्वचेंत तळची पेशी वर येऊन गळून पडण्यास सुमारें महिना लागतो. सोरायसिसमध्यें हाच प्रवास अवघ्या तीन ते पांच दिवसांत उरकतो, आणि पेशी कच्चीच पृष्ठभागावर येते. पेशीनें वाढ थांबवून पक्व कधीं व्हावें, हें ठरविण्यांत कॅल्शियमचा हात असतो. 1980 सालीं उंदराच्या त्वचेच्या पेशींवरील प्रयोगांत असें दिसून आलें कीं, भोंवतालच्या द्रवांत कॅल्शियम कमी असेतों त्या वाढतच राहतात, आणि तें वाढविलें म्हणजे पक्व होऊं लागतात.

मनुष्याच्या रक्तांत दर 100 मिलिलिटरमागें साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. हा तोल गळ्यांतील थायरॉइडच्या पाठीमागच्या चार इवल्या ग्रंथी संभाळतात. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेंत ह्या ग्रंथींस इजा होऊन कॅल्शियम घसरलें, अंगभर पुवानें भरलेल्या पुटकुळ्या उठल्या, आणि कॅल्शियम पूर्ववत् होतांच त्या मावळल्या, अशीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. व्हिएन्नाच्या हेब्रानें 1872 सालीं गर्भवतींच्या अंगावर उठणाऱ्या अशाच घातक पुटकुळ्यांचें वर्णन केलें. त्या विकारांतहि कॅल्शियम कधीं कधीं उतरलेलें आढळतें. म्हणून अशा पुटकुळ्या व ताप एकदम आला, तर घरगुती उपायांत एक दिवसहि न दवडतां रुग्णालय गांठावें. तेथेंहि आकडा जपून वाचावा लागतो. रक्तांतील सुमारें चार दशांश कॅल्शियम अल्ब्युमिन नांवाच्या प्रथिनास चिकटलेलें असतें. तीव्र आजारांत तें प्रथिन घटलें कीं, मोकळें कॅल्शियम पुरेसें असूनहि एकूण आकडा उणा दिसतो.

आमचा आकडा निघाला 9.4. म्हणजे भरून काढावयास खड्डाच नव्हता. आमच्यासारख्या सामान्य चट्ट्यांच्या रोग्यांत बहुधा असेंच असतें. मूळ दोष शरीराच्या संरक्षक पेशींत आहे. त्या आपल्याच त्वचेवर विनाकारण चालून जातात. अशा वेळीं चुना खाऊन तोंड मात्र भाजावयाचें, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा अतिरेक केला तर मूतखड्यास आमंत्रण!

गंमत अशी कीं, उपयोगी पडलें तें चुन्याचें सोबती ड जीवनसत्त्व. 1985 सालीं जपानांतील ओसाका येथील डॉक्टरांनीं, हाडें ठिसूळ झालेल्या एका रोग्यास त्याचें एक रूप दिलें असतां सोरायसिसहि ओसरल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें त्याच जातीचीं मलमें निघालीं. तीं त्वचेस कॅल्शियम पुरवीत नाहींत, पेशींची घाई आवरतात. उलट कॅल्सिपोट्रिऑलचें मलम आठवड्यांत 100 ग्रॅमपेक्षां अधिक लावूं नये असा दंडक आहे. कारण अतिरेकानें रक्तांतील कॅल्शियम वाजवीपेक्षां वाढतें.

हें सारें आम्हीं मावशीस समजावून सांगितलें. तिनें हंसून ऐकलें. पण आमच्या आईच्या मनांत तिचा शब्द केव्हांच रुतला होता. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं तिनें एके रात्रीं हळूच विचारलें, “लहानपणीं तुला दूध कमी पडलें का रे? त्या वर्षीं म्हैस आटली होती.” आम्हीं तपासणीचा कागद तिच्यापुढें धरला आणि आकडा दोनदां वाचून दाखविला. तिनें तो कागद घडी करून आपल्या पोथीच्या बासनांत ठेवला.

उणीव दाखविणारा सल्ला देणें सोपें असतें. ती उणीव कोणाच्या माथीं जाऊन बसते, हें मात्र सल्लागारांच्या ध्यानांत क्वचितच येतें.