अब्बांचा गॅस

"गॅस है, उतर जायेगा." अब्बांचे हेच ठरलेले उत्तर. आंबिया बहाराच्या दिवसांत ते संत्र्याचे बगीचे पाहायला पायी जात. चढ लागला की छाती आवळायची, डावा हात जड व्हायचा. थांबले की बरे वाटायचे. अम्मी ओव्याचे पाणी द्यायची. आमच्या तळेगावात (श्यामजी पंत) छातीत दुखले की आधी गॅसच समजतात. आम्ही बी.एड. झालेले, उर्दू शाळेत सायन्स शिकवणारे. आम्हीही सोडाच आणून दिला. लिहिताना आजही शरम वाटते.

शेवटी सेवाग्रामला नेले. दुखणे हृदयाचे निघाले. जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेटची छोटी गोळी मिळाली, बसून घ्यायची, नाहीतर चक्कर येते. चारपाच मिनिटांत अब्बांचा चेहरा मोकळा व्हायचा.

आम्ही मात्र गोंधळलो. वर्गात आम्ही शिकवत आलो की शिरयान म्हणजे रक्ताची नळी. फळ्यावर नळी काढायची, आत कचरा दाखवायचा. मग चार मिनिटांत गोळीने कचरा गेला कुठे?

कचरा तिथेच असतो. नळीच मोकळी होते. धमनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते, शेरवानीला असते तसे. १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या धमनीवर दाखवून दिले की अस्तर शाबूत असेल तर एका औषधाने ती सैल पडते, अस्तर खरवडले गेले असेल तर तेच औषध तिला आवळते. म्हणजे सैल होण्याचा हुकूम अस्तराकडून येतो. तो हुकूम म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. काही सेकंदच टिकणारा एक गॅस! १९९८ चे नोबेल या शोधाला मिळाले. आवळणारे द्रव्यही हेच अस्तर सोडते, एन्डोथेलिन; ते १९८८ साली जपानमध्ये सापडले.

हृदयाला याची गरज फार. आरामातही ते आपल्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन काढून घेते. त्यामुळे चढावर जास्त हवा असेल तर जास्त रक्तच यावे लागते, चौपट-पाचपट. रक्त वेगाने वाहू लागले की त्याच्या घासण्याने अस्तर गॅस सोडते आणि धमनी रुंदावते. अब्बांचे अस्तर बिडीने आणि साखरेच्या आजाराने थकलेले. गॅस कमी पडत होता, तो गोळीतून मिळू लागला. गोळीने हृदयाचे ओझेही हलके होते. डायनामाइटमधले नायट्रोग्लिसरीन याच कुळातले. खुद्द आल्फ्रेड नोबेलना म्हातारपणी डॉक्टरांनी तेच दिले होते.

अब्बांना हे सारे समजावले. ते हसले, "मैं क्या बोल रहा था? गॅसच था ना!"

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात फळ्यावरची नळी पुसून पुन्हा काढली, आत अस्तर दाखवले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, मतलब नली जिंदा है?"

"हो," आम्ही म्हणालो.

संध्याकाळी घरी आलो तर अब्बांच्या उशाखाली गोळ्यांची पट्टी होती, आणि तिच्याखाली बिडीचे बंडल.