चिगरीत मावशीबरोबर

२०२२ साली धारवाडच्या मावशीला हुबळीला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ‘चिगरीनं जाऊ,’ मी म्हटलं. आपल्याकडच्या कन्नडमध्ये चिगरी म्हणजे हरीण. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी!

२ फेब्रुवारी २०२० रोजी रीतसर उद्घाटन झालेल्या या बससेवेचा मार्ग सुमारे २२ किलोमीटरचा, रस्त्याच्या मधोमध राखलेला. तिकीट स्थानकावरच काढायचं, त्यावरचा कोड फाटकाशी दाखवायचा. फलाट बसच्या दाराइतकाच उंच. त्यामुळे गुडघेदुखीची मावशी सहज आत गेली. उणकलचा तलाव कधी आला, कळलंही नाही.

खरी परीक्षा त्याआधीच झाली होती. स्थानक मधोमध, म्हणजे अर्धा रस्ता ओलांडणं आलंच. गाड्या थांबेनात. मावशीनं माझा दंड घट्ट धरला. ‘याच रस्त्यानं मी सायकलवर जायची गं, झाडांच्या सावलीतून.’ रुंदीकरणात त्यातली बरीच झाडं गेली. आता तिथून सायकल काढायचं धाडस मलाही होणार नाही.

परतताना तिकीट तिनंच फाटकाशी धरलं. फाटक उघडलं, तशी हसली. मग समोरची रहदारी पाहून पुन्हा माझा दंड धरत म्हणाली, ‘सावकाश होगोण.’