तिथीची पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढायला कागद लागत नाही. तिथी ठाऊक असली की झालं. अमावास्या किंवा पौर्णिमा धरून पुढची तिथी मोजायची, तिची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सव्वासहा तास मागे किंवा पुढे सरकलं की पूर्ण सुकती. माझे आजोबा हे गणित पान लावता लावता करायचे आणि मलाही ते पाढ्यांबरोबरच आलं. माहेर दापोली तालुक्यातलं, सासर सोलापूरचं, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत आमच्या घरात माझं म्हणणं अखेरचं. दोन्ही मुलांना घेऊन नाताळच्या सुट्टीत अंदमानला गेलो तेव्हा हा अधिकार मी पुरेपूर गाजवला आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तोंडघशी पडले.

नील बेटाचं आधी सांगते. २०१८ साली त्याचं शहीद द्वीप झालं आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप, पण जेटीवर, रिक्षात, हॉटेलात जुनी नावंच ऐकू येतात. नील अगदी छोटं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना तिथे वसवलं गेलं, त्यामुळे गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. रस्ते बऱ्यापैकी सपाट, दोन्ही बाजूंना केळी आणि भाजीचे मळे. भाड्याच्या सायकलीवर मुलं घेऊन फिरायला याहून बरी जागा मी पाहिलेली नाही.

लक्ष्मणपूरच्या एका टोकाला खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथवर जायचं ते सुकतीला, मेलेल्या पोवळ्यांच्या खडबडीत पट्ट्यावरून. त्या खडकांत पाण्याची डबकी राहतात आणि त्यांत मुलांनी तासन्‌तास बघावं इतकं काय काय असतं. वाटेवर स्थानिक वाटाडे उभे असतात. एकाने विचारलं, तर मी म्हणाले, नको. आमच्याकडेही खडक आहेत, कालवं काढायला लहानपणी मी अशाच खडकांवर हिंडले आहे. त्या दिवशी संकष्टी होती. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला भरती, म्हणजे पावणेनऊला पूर्ण सुकती. आम्ही साडेआठला पोचलो आणि स्वतःची पाठ थोपटून घेत मी पुढे चालायला लागले.

डबकी दिसेनात. जिथे डबकी असायला हवी होती तिथे सलग पाणी होतं. मला वाटलं, अजून उतरायचं आहे. नवरा दोनदा म्हणाला, "अगं, हे वाढतंय." मी त्याला सोलापूरची आठवण करून दिली. परत फिरलो तेव्हा येताना घोट्याएवढी असलेली एक खाच धाकट्याच्या कमरेपर्यंत भरली होती. तो सहा वर्षांचा. त्याच्या पायात साध्या रबरी चपला, त्यातली एक पाण्याबरोबर गेली आणि पोवळ्याच्या धारेने तळपाय फाटला. मघाचाच वाटाड्या लांबून ओरडत होता, "दीदी, पानी चढ रहा है!" त्याने येऊन पोराला खांद्यावर घेतलं. पैसे देऊ केले तर हसला आणि म्हणाला, उद्या सातच्या आत या.

आजोबांचं गणित खोटं नाही. ते आमच्या किनाऱ्याचं आहे, एवढंच. चंद्र तोच, पण भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या उशिराने पोचते. समुद्राची खोली किती, किनारा कसा वळलाय, मध्ये बेटं आहेत का, यावर ती वेळ ठरते. अंदमानात सुकती माझ्या हिशेबाच्या बरीच आधी येऊन गेली होती. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतो, त्यात पोर्ट ब्लेअर आहे. फोनवरही ती वेळ दोन मिनिटांत सापडते. हे मी रात्री हॉटेलच्या खोलीत, धाकट्याच्या पायाला मलम लावताना शोधून काढलं. शहाणपण उशिरा येतं ते असं.

दुसऱ्या दिवशी वाटाड्याबरोबर गेलो. सगळ्यांच्या पायात टाच आवळणारे रबरी बूट होते, बाजारातून आणलेले. धाकटा बापाच्या पाठीवर. समुद्रकाकड्या पडल्या होत्या, काळ्या, जाडजूड. खडकाच्या फटीतून बारीक हातांचे तारामासे डोकावत होते. आणि एक मोठा शिंपला, खडकात रुतलेला, निळ्या-जांभळ्या मखमली ओठांचा. त्याच्यावर सावली पडली की तो मिटतो, सावली हटली की हळूहळू उघडतो. वाटाड्याने कशालाही हात लावला नाही, लावूही दिला नाही. थोरली त्या शिंपल्यावर सावली धरून हटवत बसली. बापाच्या पाठीवरून धाकट्याचीही सावली पडायला लागली तसं वाटाड्याने सांगितलं, पुरे, त्यालाही विश्रांती हवी. मुलांना हे लगेच पटलं. मला मात्र आणखी फोटो हवे होते.

घड्याळाचंही तसंच झालं. मुंबई आणि अंदमान यांच्यात सुमारे वीस रेखांशांचं अंतर आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे ऐंशी मिनिटं आधी. घड्याळ मात्र देशभर एकच. हे भूगोलात शिकलेलं असूनही मी हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याचा कार्यक्रम 'संध्याकाळी पाच' असा लिहून ठेवला होता. २००४ साली 'टाइम' मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हणून गौरवलेला, पश्चिमेकडे तोंड केलेला तो लांबच लांब पांढरा किनारा. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता आणि जीवरक्षक शिट्ट्या मारून लोकांना पाण्याबाहेर काढत होते. मुलांचे जेमतेम पाय भिजले. डिसेंबरात तिथे सहाच्या आत उजाडतं आणि पाच-सव्वापाचला मावळतं, तेव्हा मुलांचा दिवस पहाटेच सुरू करायचा आणि दहा-अकरा ते दोन सावलीत काढायचे. घरी शाळेसाठी हलवून उठवावी लागणारी माझी मुलं तिथे साडेपाचला आपण होऊन उठत होती. वेळापत्रक कुणाला जमत नव्हतं, तर मला.

बोटीचं थोडक्यात सांगते. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, हॅवलॉकला जाणाऱ्या बंद, वातानुकूलित बोटीत समोरच्या काचेतून छान दिसेल म्हणून मी हट्टाने पुढच्या जागा घेतल्या आणि निघण्याआधी मुलांना पुरी-भाजी खाऊ घातली. बोट पुढे सर्वांत जास्त उचलली जाते, मधोमध सर्वांत कमी. पुढचं वर्णन नको. परतीला सरकारी बोटीने, उघड्या डेकवर वारा खात आलो. वेळ जास्त लागला, पण पिशव्या कोऱ्या राहिल्या.

आता जे सांगायचं टाळत होते ते. एलिफंट बीचवर हॅवलॉकच्या जेटीवरून छोट्या बोटी जातात. तिथे उथळ पाण्यात पोवळ्यांची वस्ती आहे, म्हणून स्नॉर्कलिंगची गर्दी. रबरी कडं धरून पोटावर तरंगायचं, तोंड पाण्यात, तोंडात नळी, वाटाडा ओढत नेतो. थोरली पहिल्या पाच मिनिटांतच रमली. धाकट्याला मास्क मोठा होत होता. नाकाशी पाणी शिरलं, तो घाबरला आणि बाहेर काढा म्हणाला. मी त्याला म्हणाले, "बाकीची मुलं बघ कशी करतात. एवढे पैसे भरलेत." दोन्ही वाक्यं मीच म्हणाले, लोकांसमोर. तो परत आत गेला, माझ्या भीतीने. मिनिटाभरात वाटाड्यानेच त्याला बाहेर आणून माझ्या हातात दिलं, काही न बोलता. त्यानंतर तो पाण्यापासून चार हात लांब बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही पावलं भिजवायला तयार नव्हता.

मी नंतर त्याला सॉरी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "पण पैसे तर गेले ना?" पैशांचीच काळजी त्याने घेतली होती. त्याचं काय करायचं हे मला अजूनही कळलेलं नाही. मी कुठल्याही खर्चाचा आकडा आता त्याच्यापुढे बोलत नाही, पण हा उपाय उशिराचा आहे.

त्याला पाण्याजवळ परत आणलं ते माझ्या सोलापूरकराने. त्याला पोहता येत नाही. नीलला भरतपूरच्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात, तो नुसता बसला आणि चिवड्याचा रिकामा पारदर्शक डबा पाण्यावर दाबून आत बघायला लागला. डब्याच्या तळातून खालचं सगळं स्वच्छ दिसतं. पृष्ठभागावरची चकाकी आणि लाटेचं हलणं डब्यामुळे आड येत नाही. पट्ट्यांचे मासे, वाळूत घुसणारा एक चपटा मासा. थोड्या वेळाने धाकटा किनाऱ्यावरूनच विचारायला लागला, "काय दिसतंय?" बाबा म्हणाले, "सांगता येत नाही, बघायलाच पाहिजे." पोरगं आलं. मास्क नाही, नळी नाही, पाय जमिनीवर. दुपारपर्यंत तो डबा सोडेना. मी कार्यक्रमात लिहिलेली काचेच्या तळाची बोट रद्द केली. खरं तर रद्द करायचा निर्णयही मुलांनीच घेतला. मी फक्त पहिल्यांदा वाद घातला नाही.

किनाऱ्यावर शंख उचलायची मुलांना भारी हौस. हॅवलॉकला पहिल्याच सकाळी दोघांनी खिसे भरून आणले आणि हॉटेलच्या टेबलावरून ते शंख चालायला लागले. आत खेकडे होते. हे खेकडे रिकाम्या शंखात घर करतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात, म्हणजे रिकामा शंखही कुणाचं तरी पुढचं घर. सगळे परत नेऊन ठेवले. मग मी मुलांना बसवून व्याख्यान दिलं. पोवळी, समुद्रकाकड्या, तो मोठा शिंपला आणि काही शंख १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पोवळं जिवंत असो की मेलेलं, न्यायचं नाही. शंखाच्या वस्तू हव्याच असतील तर सरकारी 'सागरिका' दुकानातून पावतीसकट घ्यायच्या. थोरलीने तर हे सगळं वहीत लिहून घेतलं.

सेल्युलर जेलबद्दल एवढंच, की मराठी आईबाप सावरकरांच्या कोठडीपुढे मुलांना उभं करतात तसं मीही केलं आणि तयारी काहीच करून घेतली नव्हती. धाकट्याने कोठडीत डोकावून विचारलं, "रात्री शू आली तर?" मी त्याला गप्प केलं. बाहेर आल्यावर आठवलं, 'माझी जन्मठेप' वाचताना सोळाव्या वर्षी मला ज्याने रडू आलं होतं ते नेमकं हेच होतं, की इथे बंद्यांना शौचाचीही वेळ नेमून दिलेली असे. तुरुंगाबद्दलचा सर्वांत खरा प्रश्न त्याने विचारला होता. मग बागेतल्या बाकावर बसून उत्तर दिलं, कळेल तेवढं.

परतीला विमानतळावर तपासणीत एक बॅग अडली. मी मुलांकडे रागाने पाहिलं. दोघांनी एकदम माना हलवल्या. बॅग माझी होती. टॉवेलमध्ये गुंडाळलेला पोवळ्याचा एक पांढरा तुकडा, नीलच्या पुळणीवर पडलेला, बोटाएवढा. मी मनाशी म्हटलं होतं, हा काय, मेलेलाच तर आहे. कर्मचाऱ्याने तो दोन बोटांत धरून वर केला आणि शांतपणे विचारलं, हे कुणाचं? थोरलीने वही काढली. "आई, मी वाचून दाखवू का यांना?" कर्मचाऱ्याने हसू दाबत तुकडा बाजूच्या खोक्यात टाकला, तिथे आणखी ढीगभर होते, आणि मला पुढे जायला सांगितलं. धाकटा तिथेच थांबून राहिला. त्याला त्याची पावती हवी होती.