माहिती एक, मालकही एकच

मी वेबसाइटचा पडद्यावर दिसणारा भाग लिहितो. या कामात सगळ्यात जास्त वेळ रंग आणि बटणांत जात असेल, असं लोकांना वाटतं. खरा वेळ जातो तो एकच माहिती चार ठिकाणी सारखी ठेवण्यात.

खरेदीचं पान घ्या. वर कोपऱ्यात कार्टचा आकडा, मध्ये वस्तूंची यादी, खाली एकूण रक्कम. हे तीन वेगळे कंपोनंट. प्रत्येकाने आपली स्वतंत्र नोंद ठेवली तर ग्राहक एक वस्तू काढतो, यादी कमी होते आणि वरचा आकडा मात्र तसाच राहतो. पैसे भरायच्या क्षणी माणूस थबकतो. यातलं खरं काय?

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. फेसबुकच्या चॅटमध्ये संदेश वाचून झाले तरी न वाचलेल्यांचा आकडा पुन्हा दिसायचा. दुरुस्त केला तरी काही दिवसांनी परत यायचा. 2014 मध्ये त्यांनी हे जाहीरपणे सांगितलं आणि ‘फ्लक्स’ ही पद्धत मांडली : बदल एकाच दिशेने वाहील. 2015 मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांचं ‘रिडक्स’ आलं. त्यात सगळी स्थिती एका स्टोअरमध्ये असते. कंपोनंट तिला थेट हात लावत नाही, काय घडलं तेवढं कळवतो.

अब्बांच्या दुकानात उधारीची वही एकच असायची. दुकानात कुणीही बसो, नोंद तिथेच. “दोन वह्या झाल्या की भांडण ठरलेलं, बेटा,” ते म्हणायचे.

पण म्हणून गल्ल्यातल्या सुट्ट्या पैशांपासून चहाच्या कपांपर्यंत सगळं त्या वहीत कुणी लिहीत नाही. आमच्याकडे नेमकं तेच होतं. मेनू उघडा आहे की बंद, हेही स्टोअरमध्ये जातं आणि छोट्या बदलासाठी चार फायली उघडाव्या लागतात. म्हणून नव्या मुलांना मी आधी विचारायला सांगतो, ही माहिती कुणाकुणाला हवी? एकालाच हवी असेल तर तिथेच ठेवा. शेजारच्या दोघांना हवी असेल तर त्यांच्या जवळच्या सामायिक पालक कंपोनंटकडे द्या. दूरदूरच्या अनेकांना हवी असेल आणि ती अनेक वाटांनी बदलत असेल, तेव्हा स्टोअर. एकूण रक्कम तर साठवूच नका. यादीवरून दर वेळी मोजा. आणि सर्व्हरवरून आलेली माहिती आपली नाहीच. आपल्याकडे तिची प्रत असते, आणि प्रत शिळी होते.

आकडे जुळत नसल्याची तक्रार आली की मी आधी ती माहिती किती ठिकाणी साठवली आहे ते मोजतो. बहुतेक वेळा नवं काही लिहावं लागत नाही. एक नोंद पुसली की काम होतं. ग्राहकाला यातलं काहीच कळत नाही. तो फक्त न थबकता पैसे भरतो.