बचत गटाचा ईमेल आणि आपलं पत्रलेखन



पत्रलेखन शिकवायला घेतलं की मुलं विचारतातच, "बाई, आता पत्र कोण लिहितं?" या प्रश्नाला मला यंदा एप्रिलमध्ये चांगलं उत्तर मिळालं, तेही पुस्तकाबाहेर.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाची आई बचत गटात आहे. दहा जणी मिळून नाचणीचे पापड करतात. फेब्रुवारीत पुण्याच्या प्रदर्शनात त्यांचा माल चांगला खपला. गिऱ्हाइकांनी वहीत नाव आणि ईमेल लिहून दिले होते, "नवीन पापड झाले की कळवा" म्हणून. असे ६४ पत्ते जमले होते. उन्हाळ्यात पापड लाटून, वाळवून झाले, डबे भरले. पण आता पुढचं प्रदर्शन दिवाळीच्या तोंडावर आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. त्या ताई शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, पोरांना पत्र शिकवता, आम्हालाही एक लिहून द्या की."

त्यांनी एक मजकूर आणला होता. ओळखीच्या मुलानं मोबाइलवर करून दिलेलं रंगीत चित्र होतं ते. त्यावर "धमाका ऑफर! सर्वोत्कृष्ट चव! फक्त आजच!" असं लिहिलेलं. मी ते वर्गात वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय कळलं?" एक मुलगी म्हणाली, "पण बाई, कितीला आहे?" दुसरा म्हणाला, "घ्यायचं कुठनं?" झालं! सगळी उणीव या दोन प्रश्नांत आली.

मग मी ताईंना लिहून दिलं नाही, फक्त विचारत गेले. कोणाला लिहिताय? त्याला तुम्ही कशा माहीत? काय तयार आहे, कितीला? वाचणाऱ्यानं नेमकं काय करायचं? कधीपर्यंत? त्या बोलत गेल्या, मी उतरवून घेतलं.

विषयाच्या जागी "धमाका" नको म्हटलं. मोबाइलवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, कामाचं त्यातच यायला हवं. म्हणून विषय झाला, "नाचणीचे नवे पापड तयार, मागणी १५ मेपर्यंत". खाली मजकूर असा:

"नमस्कार. फेब्रुवारीत पुण्याच्या प्रदर्शनात तुम्ही आमचे नाचणीचे पापड नेले होते आणि नवीन माल आला की कळवा असं सांगितलं होतं. यंदाचे पापड तयार आहेत. नाचणी आमच्याच शेतातली आहे. २०० ग्रॅमचं पाकीट ९० रुपये, टपालखर्च वेगळा. हवे असल्यास याच ईमेलला उत्तर देऊन किती पाकिटं आणि पत्ता एवढं कळवा. १५ मेपर्यंतच्या मागण्या २० मेला टपालात टाकू. आमची पत्रं नको असतील तर फक्त 'नको' असं लिहा, तुमचं नाव काढून टाकू."

"फक्त आजच" ठेवायचं का, यावर गटात चर्चा झाली. कोणी म्हणालं, त्याशिवाय लोक घाई करत नाहीत. तेव्हा ताई म्हणाल्या, "उद्या कोणी मागितले तर आपण देणारच ना? मग खोटं कशाला लिहायचं?" १५ मे ही तारीख मात्र खरी होती, कारण पार्सलं एकदम बांधायची होती. "शुद्ध, दर्जेदार" ही विशेषणंही गेली. त्याऐवजी पाकिटावर असलेला एफएसएसएआयचा १४ अंकी नोंदणी क्रमांक सहीखाली टाकला. विशेषण कोणीही लावतं, क्रमांक तपासून बघता येतो.

पाठवताना तीन गोष्टी पाळल्या. सगळे पत्ते 'बीसीसी'च्या रकान्यात टाकले, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. मजकूर चित्रात न घालता अक्षरांतच ठेवला, कारण काहींच्या ईमेलमध्ये चित्रं आपोआप उघडत नाहीत. आणि वहीत ज्यांनी पत्ता फक्त बिलासाठी दिला होता, त्यांना पाठवलंच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागचा विचारही हाच आहे, की माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामाला वापरावी.

न मागता पाठवलेल्या जाहिरातीची गोष्टही मी मुलांना सांगितली. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थर्क या संगणक कंपनीच्या विक्रेत्यानं त्या काळच्या अर्पानेट जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठवली होती. लोक चिडले, तक्रारी झाल्या. आज आपण ज्याला स्पॅम म्हणतो त्याची सुरुवात तीच मानतात. मुलं म्हणाली, "न विचारता दारात आल्यावर राग येणारच."

गटाला पंधरा मेपर्यंत ११ मागण्या आल्या. तीन जणांनी 'नको' लिहिलं. बायका जरा हिरमुसल्या. मी म्हटलं, 'नको' म्हणणाऱ्यानंसुद्धा पत्र वाचलं, म्हणून तर उत्तर दिलं. एका आजींनी विचारलं, "भाजून चांगले लागतात का? मला तळलेलं चालत नाही." ही ओळ पुढच्या पत्रात जाणार आहे. त्या महिन्याच्या हप्त्यातले निम्मे पैसे या पाकिटांतून निघाले. फार मोठी गोष्ट नाही, पण कोणाकडे उसने मागायची वेळ आली नाही.

वर्गात करून बघा. मुलांना गावातला एक छोटा धंदा निवडू द्या. कुंभार, शिवणकाम, रोपवाटिका, काहीही. त्या माणसाला भेटून पाच प्रश्न विचारायचे आणि त्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला दहा ओळींचं पत्र लिहायचं. मग पत्र शेजारच्या मुलाला द्यायचं. वाचून त्यानं "कितीला?" किंवा "कुठनं?" असं विचारलं, तर पत्र अजून पुरं झालेलं नाही. मायना, मजकूर, सही हा साचा मुलं लवकर शिकतात. समोरच्याला काय विचारावंसं वाटेल हे आधी ओळखणं, हे पत्रलेखनातलं खरं शिकवायचं आहे.