काजळीचे देणे

दिवाळी आली की माणसाला रंगांची हाव सुटते. रांगोळीला रंग हवेत, आकाशकंदिलाला हवेत, फटाक्यांना हवेत. मग ज्योतीनेच काय पाप केले आहे? हल्ली वाढदिवसाच्या केकवर लावायच्या अशा मेणबत्त्या मिळतात की, त्यांची ज्योतच लाल, हिरवी किंवा निळी जळते. आमच्या नातवाने त्या कुठेशी पाहिल्या आणि गेल्या दिवाळीत आगाशीच्या घरी तसल्या मेणबत्त्या स्वतः करायचा हट्ट धरला.

कोणता पदार्थ कोणता रंग देतो, हे त्याला पाठ होते. स्ट्रॉन्शियम लाल, तांबे हिरवे, पोटॅशियम जांभळट आणि सोडियम, म्हणजे आपले मीठच, पिवळे. हा शेवटचा प्रयोग तर घरोघर होतो. खारट पाणी उतू गेले की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. असल्या रंगांवरूनच बुन्सेन आणि किर्खहोफ या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० साली सीझियम आणि १८६१ साली रुबिडियम ही नवी मूलद्रव्ये शोधून काढली. १८६८ च्या खग्रास ग्रहणात आपल्याच देशात, गुंटूरला, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली. ती मिठातल्या पिवळ्या रेघांच्या शेजारची, पण त्यांतली नव्हे. पुढे तिच्या धन्याचे नाव ठेवले हेलियम!

हिरव्या रंगासाठी नातवाचा डोळा वाडीतल्या फवारणीच्या मोरचुदावर होता. ते विष, त्याला मी हात लावू दिला नाही. त्याऐवजी कॅरमची पावडर दिली. ती बोरिक ॲसिडची असते, आणि तीही हिरवा रंग देते. त्याने ती वितळलेल्या मेणात कालवली, वात सोडली, मेणबत्ती पेटवली. ज्योत आपली पिवळी ती पिवळीच!

"आजोबा, तुमची पावडर खोटी आहे," तो म्हणाला.

मी स्टीलच्या वाटीत चमचाभर स्पिरिट घेतले, चिमूटभर तीच पावडर टाकली, बाटली आत नेऊन ठेवली आणि अंगणात लांबूनच काडी लावली. केळीच्या कोवळ्या पानासारखी हिरवीगार ज्योत उठली. पावडर खरी होती. रंग झाकत होते ते मेण.

आमची आई निरांजनावर चांदीची वाटी धरून काजळ पाडीत असे. वाटीला लागणारा तो काळा थर म्हणजे क्षणापूर्वीचा उजेड. मेणाच्या किंवा तेलाच्या ज्योतीत पोटापर्यंत पुरेशी हवा पोचत नाही. तिथे कोळशाचे सूक्ष्म कण तयार होतात, तापून लखलखतात आणि बहुतेक कडेला जळून जातात. फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या मुलांपुढे मेणबत्तीवर जी व्याख्याने दिली, त्यांत हेच दाखवले होते. त्या लखलखाटात बोरिकचा हिरवा रंग दिवसाच्या चांदणीसारखा हरवतो. स्पिरिटला काजळी नाही, म्हणून तिथे तो दिसतो. रंगीत ज्योतीच्या मेणबत्त्या करणारेही नेहमीचे मेण सोडून काजळी न धरणारे इंधन घेतात. लिंबातल्या आम्लापासून केलेला एक पांढरा स्फटिक त्यांपैकीच आहे.

नातू खुशीत आला आणि आजीला बोलावून आणले. ती मोठ्या दुखण्यातून उठून आठवडाभरापूर्वीच इस्पितळातून घरी आली होती. ती ओट्याच्या पायरीवर टेकली आणि तो हिरवा प्रकाश तिच्या तोंडावर पडला. गाल, ओठ, कपाळावरचे कुंकू, सारा रंग जणू कुणी पुसून घेतला. पोर एकदम गप्प झाले. मग हलकेच म्हणाले, "आजी, तू तिकडे पणतीजवळ बस ना."

ती हसत उठली आणि पणतीपाशी जाऊन बसली. कुंकू पुन्हा लाल झाले.

आमच्या गावात भवानीशंकराच्या देवळात निरांजन तेवते आणि सेंट जेम्स चर्चमध्ये मेणबत्ती. एकात तूप, दुसरीत मेण. पिवळा उजेड मात्र दोहोंचा एकच, आणि तो त्या काजळीचाच. हिरवी ज्योत पाहायला गंमत वाटते खरी, पण आपली माणसे पाहायची तर पणतीच हवी. वाटीतले स्पिरिट संपून ज्योत आपोआप विझली. ती पुन्हा पेटवा, असे नातू काही म्हणाला नाही.